अधिक एक, आणि थेट उणे!

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्याच्या पहिल्या काही प्रोग्रॅममध्ये स्वतःची माहिती साठवणारा एक प्रोग्रॅम हमखास असतो. नाव ‘स्ट्रिंग’मध्ये (हा मजकुरासाठीचा प्रकार), वय ‘इंट’मध्ये (हा पूर्णांकांसाठीचा), मग मोबाइल नंबर. तोही आकडाच, म्हणून पुन्हा ‘इंट’ लिहायचं, पुढे दहा आकडे टाइप करायचे, आणि कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम, तिथेच अडून बसतो: पूर्णांक फार मोठा आहे. शेजारी बसलेला मित्र सांगतो, ‘इंट’ काढ, मोठ्या पूर्णांकांसाठीचा ‘लाँग’ टाक, आकड्याच्या शेवटी ‘एल’ लाव. तसं केलं की प्रोग्रॅम चालतो आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये असं मला मनापासून वाटतं. कारण कंपायलरच्या या एका नकारामागे संगणकाच्या गणिताचा पाया आहे. ‘माणूस चुकेल, पण संगणक हिशेबात चुकत नाही’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात दोन धन संख्यांची बेरीज करून संगणक ऋण उत्तर देऊ शकतो. यंत्रात बिघाड नसताना, ठरलेल्या नियमाने आणि दर वेळी तेच उत्तर.

आधी मोबाइलचा हिशेब. जावाच्या ‘इंट’मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. म्हणजे सुमारे २१४ कोटी. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे त्यातला लहानात लहानही ६०० कोटींच्या घरात. भारतातला एकही मोबाइल नंबर ‘इंट’मध्ये मावत नाही. (खरं तर तो ‘लाँग’मध्येही ठेवू नये, ‘स्ट्रिंग’मध्ये ठेवावा. मोबाइल नंबरांची कुणी बेरीज करत नाही. शिवाय आकड्याआधी शून्य लिहिलं तर जावा ती संख्या अष्टमान, म्हणजे आठाच्या पायावरच्या, पद्धतीतली समजते. ०१० असं लिहिलं तर जावासाठी ते आठ असतात!)

पण २१४ कोटीच का? कारण ‘इंट’ला ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशी ३२ घरं, दिलेली आहेत. ना एक जास्त, ना एक कमी. हे ‘ना जास्त, ना कमी’ जावाचं वैशिष्ट्य आहे. जावाच्या कामाला १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली, तेव्हा डोळ्यांसमोर घरगुती वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं होती. उपकरणागणिक चिप वेगळी, पण प्रोग्रॅम मात्र तोच चालायला हवा. १९९५ मध्ये भाषा जगासमोर आली तीही हेच वचन घेऊन. त्याआधीच्या ‘सी’ भाषेत ‘इंट’ किती मोठा असावा हे यंत्रावर आणि कंपायलरवर सोडलेलं होतं. आपल्या कॉलेजांमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या टर्बो सीमध्ये तो १६ बिटांचा होता, म्हणून तिथे संख्या ३२,७६७ वर संपायची. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या कंपायलरवर नेला की वेगळं उत्तर. जावाने आकार कायमचे ठरवून टाकले: ‘बाइट’ ८ बिट, ‘शॉर्ट’ १६, ‘इंट’ ३२, ‘लाँग’ ६४. फोन असो की सर्व्हर.

हे साधतं कसं, तेही थोडक्यात बघू. आपण लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर थेट चिपच्या भाषेत नेत नाही. तो बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत नेतो आणि प्रत्येक यंत्रावर असलेलं जावा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जेव्हीएम, तो बाइटकोड चालवतं. चलांना, म्हणजे किंमत साठवायच्या जागांना, आपण दिलेली नावं ही माणसाच्या सोयीसाठी असतात. जावात चलाचं नाव देवनागरीतही देता येतं, ‘वय’ किंवा ‘बेरीज’ असं. यंत्राला त्याने काही फरक पडत नाही.

इथे एका जुन्या अफवेबद्दल बोलायलाच हवं. ‘संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा आहे, हे नासाने मान्य केलं’ हा संदेश अजूनही फिरतो. त्याचं मूळ १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने लिहिलेल्या एका लेखात आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेतली वाक्याच्या अर्थाची फोड आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत ज्ञान मांडण्याच्या पद्धती यांत साम्य आहे, असं त्यात दाखवलं होतं. प्रोग्रॅम संस्कृतमध्ये लिहावेत असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पाणिनीने नियमांची जी रचना केली ती जगातल्या थोर बौद्धिक कामांपैकी एक आहे, आणि तिला मोठेपणासाठी खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. चिपपर्यंत पोहोचतात ते बिटच. शून्य आणि एक.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येऊ. ३२ बिट कागदावर मांडायला जड जातात, म्हणून आठ बिटांचा ‘बाइट’ घेऊ.

शाळेत आपण एकक, दशक, शतक शिकलो. प्रत्येक घर आधीच्या दहापट. द्विमान पद्धतीत प्रत्येक घर आधीच्या दुप्पट: उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि आठवं घर १२८. सगळ्या घरांत १ लिहिलं तर २५५. पण मग ऋण संख्या कुठे ठेवायच्या? पहिला विचार असा येतो की डावीकडचा एक बिट चिन्हासाठी राखून ठेवावा. पण मग अधिक शून्य आणि उणे शून्य अशी दोन शून्यं तयार होतात, आणि बेरजेच्या आधी दर वेळी चिन्ह तपासत बसावं लागतं. त्यावरचा उपाय अतिशय देखणा आहे. आठव्या घराची किंमत १२८ न धरता उणे १२८ धरायची. बाकी काहीही बदलायचं नाही.

याने काय होतं बघा. ०००००१०१ म्हणजे ४ अधिक १, पाच. ११११११०१ म्हणजे उणे १२८ अधिक ६४, ३२, १६, ८, ४ आणि १. या सहांची बेरीज १२५, म्हणून उत्तर उणे ३. आता या दोन ओळी एकाखाली एक लिहून, हातचा घेत, साधी बेरीज करा. उत्तर येतं १००००००१०, नऊ बिटांचं. नववा बिट ठेवायला जागाच नाही, तो सोडून द्या. उरलं ००००००१०, म्हणजे २. पाच उणे तीन, दोन! वजाबाकीचं वेगळं सर्किट नाही, चिन्हाची तपासणी नाही. बेरजेचं सर्किट नेहमीचंच काम करत राहतं आणि वजाबाकी आपोआप होऊन जाते. संख्येचं चिन्ह बदलायचं असेल तर सगळे बिट उलटे करा आणि एक मिळवा. या पद्धतीला दोनची पूरक पद्धत म्हणतात, आणि आजचे संगणक पूर्णांकांसाठी हीच वापरतात.

आता सर्वांत मोठी संख्या घ्या: ०१११११११, म्हणजे १२७. तिच्यात एक मिळवा. हातचा एकेक घर ओलांडत आठव्या घरात जाऊन बसतो: १०००००००. आठव्या घराची किंमत उणे १२८, बाकी सगळी शून्यं. १२७ अधिक १ बरोबर उणे १२८. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचं, तसंच हे. फरक इतकाच की इथली उडी शून्यावर न जाता थेट सर्वांत खालच्या टोकाला जाते. आणि त्या टोकाला असलेल्या उणे १२८ ला धन बाजूला जोडीदारच नाही. त्याचं चिन्ह बदलायला जाल, बिट उलटे करून एक मिळवाल, तर पुन्हा उणे १२८ च मिळतात. हातात कागद असेल तर आत्ताच करून बघा.

‘इंट’मध्ये हेच ३२ घरांत घडतं. समजा एखाद्याने खात्यातली रक्कम पैशांत मोजून ‘इंट’मध्ये ठेवली. मर्यादा आली २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये आणि ४७ पैसे. मुंबईत एका फ्लॅटचा व्यवहारही याच्या पुढे जाऊ शकतो. खात्यात नेमकी ही कमाल रक्कम असताना आणखी एक पैसा जमा केला की खात्यावर तेवढ्याच कोटींचं कर्ज दिसेल.

लक्षात घेण्याची गोष्ट ही की मोबाइल नंबर अडवणारा कंपायलर ही बेरीज अडवत नाही. त्याला लिहिलेला आकडा दिसतो. प्रोग्रॅम चालू असताना कोणते दोन आकडे भेटणार हे त्याला आधी कळू शकत नाही. आणि जेव्हीएमची बेरजेची आज्ञा, तिचं नाव ‘आयअ‍ॅड’, दोन ‘इंट’ उचलते, बेरीज करते, खालचे ३२ बिट ठेवते आणि पुढे जाते. ती कुठलीही तक्रार करणार नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे.

याचा सर्वांत शिकवणारा दाखला खुद्द जावाच्या ग्रंथालयात, म्हणजे भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात, सापडला. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधायची असेल तर मधोमध बघायचं, ती नोंद पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडायचा, उरलेल्याच्या पुन्हा मधोमध बघायचं. याला बायनरी सर्च म्हणतात. मध्य काढायचं सूत्र पाचवीतलं मूलही सांगेल: पहिला अधिक शेवटचा, भागिले दोन. जावाच्या ग्रंथालयात ते असंच लिहिलेलं होतं. ज्यांनी तो कोड लिहिला होता त्याच जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीरपणे लिहिलं की त्यात सुमारे नऊ वर्षं एक दोष दडून होता.

दोष कुठे, ते आपल्याच आकड्यांवर करून पाहू. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७ होती. समजा प्रत्येकाला एक बारा आकडी क्रमांक दिला आणि ते सगळे चढत्या क्रमाने एका ॲरेत, म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या जागांत, ठेवले. ॲरेतली जागा शून्यापासून मोजतात, म्हणून शेवटची जागा १,२१,०८,५४,९७६. आपला क्रमांक यादीच्या अगदी शेवटाकडे आहे. पहिली पायरी: शून्य आणि १२१ कोटी, मध्य साधारण ६०.५ कोटी. पुढच्या अर्ध्यात जायचं. दुसरी: ६०.५ आणि १२१, बेरीज १८१ कोटींच्या वर, मध्य ९०.८ कोटी. तिसरी: ९०.८ आणि १२१, बेरीज सुमारे २११.९ कोटी. मर्यादा २१४.७ ची, अजून निभावलं. मध्य १०५.९ कोटी. चौथी: १,०५,९४,९८,१०५ आणि १,२१,०८,५४,९७६. बेरीज २,२७,०३,५३,०८१. मर्यादा ओलांडली! ‘इंट’मध्ये ही संख्या दिसते उणे २,०२,४६,१४,२१५, आणि तिचा अर्धा भाग उणे १०१ कोटींच्या घरात. ॲरेत ऋण क्रमांकाची जागा नसते. प्रोग्रॅम कोसळतो.

आता हे बघा: यादीतल्या पहिल्या सुमारे १०६ कोटी लोकांचा शोध बिनचूक लागतो. शेवटच्या १५ कोटींपैकी एकाचाही लागत नाही. हजार नोंदींवर चाचणी घ्या, लाखावर घ्या, सगळं बरोबर येईल. अशा यादीला जवळजवळ दहा गिगाबाइट मेमरी लागते. नव्वदच्या दशकात तेवढी असणार कुणाकडे? म्हणून दोष दिसला नाही. रीत बरोबर असल्याची गणिती सिद्धताही आधीपासून होती, पण ती शाळेतल्या अमर्याद पूर्णांकांसाठी. यंत्रात ते पूर्णांक नसतात.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. पहिली सोपी: शेवटच्यातून पहिला वजा करा, त्याचा अर्धा पहिल्यात मिळवा. बेरीज मर्यादेबाहेर जातच नाही. दुसरी फार सुंदर आहे. दोन धन ‘इंट’ मिळवले तर खरं उत्तर ३२ बिटांत नेहमी मावतं, फक्त सर्वांत वरचं घर चिन्हाचं न मानता साधं मानायला हवं. म्हणजे बेरीज झाल्यावर बिट चुकलेले नसतात, आपण ते चुकीचे वाचतो. म्हणून दोनने भागण्याऐवजी सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवायचे आणि डावीकडे रिकाम्या झालेल्या घरात शून्य भरायचं. जावात त्यासाठी तीन ‘पेक्षा मोठे’ चिन्हांची खास क्रिया आहे. वरच्या उदाहरणात ती लावली की १,१३,५१,७६,५४० मिळतात, नेमका मध्य.

मग जावाने मर्यादा ओलांडताच थांबायचा नियमच का केला नाही? वेग हे एक कारण. दुसरं कारण असं की काही ठिकाणी ही उडी हवीच असते. ‘स्ट्रिंग’चा हॅशकोड, म्हणजे मजकुरावरून काढलेला एक ओळखीचा आकडा, काढताना जावा आधीची बेरीज ३१ ने गुणून पुढच्या अक्षराचा संकेतांक मिळवत जाते. सहा-सात अक्षरांतच आकडा ‘इंट’बाहेर जातो, वरचे बिट गळतात, आणि उरतो तो आकडा जगातल्या प्रत्येक जेव्हीएमवर तोच असतो. ‘सी’मध्ये मात्र चिन्ह असलेल्या पूर्णांकाने मर्यादा ओलांडली तर काय व्हावं हे ठरवलेलंच नाही, कंपायलर वाटेल ते करू शकतो.

पैसे, प्रवासी, मतं मोजताना ही उडी नको असते. त्यासाठी २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून ‘मॅथ’ या क्लासमध्ये ‘अ‍ॅडएक्झॅक्ट’ ही मेथड, म्हणजे तयार क्रिया, आहे. ती बेरीज करते, आणि उत्तर मावत नसेल तर चुकीचं उत्तर न देता अपवाद, म्हणजे गडबडीचा इशारा, फेकून प्रोग्रॅम थांबवते. आकडे कितीही मोठे होणार असतील तर ‘बिगइंटिजर’ आहे, थोडा हळू, पण मेमरी असेपर्यंत वाढणारा.

जावा बसवलेली असेल तर एक छोटा प्रयोग करता येईल. ‘बाइट’ प्रकारचा एक चल शून्यापासून सुरू करा, आणि तो १२८ पेक्षा लहान असेपर्यंत छापत एकेकाने वाढवा. हा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, १२७ पर्यंत जातो, मग उणे १२८ छापतो, पुन्हा चढत शून्यावर येतो, पुन्हा १२७ वर. ‘बाइट’मध्ये १२८ कधी येतच नाही, म्हणून तो लूप थांबवायला ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ ही बटणं एकदम दाबावी लागतात.