मोटारगाडीच्या ब्रेकची घरगुती देखभाल व दुरुस्ती

मोटारगाडीच्या ब्रेकमधील झिजणारे भाग तपासणे व बदलणे, ब्रेक ऑइल बदलणे आणि त्यात शिरलेली हवा काढणे ही कामे मालकाने स्वतः, साध्या हत्यारांनी करण्याची पद्धती. ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे धातूच्या चकतीला, दाबणाऱ्या अस्तराच्या पट्ट्या), शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या वक्र पट्ट्या) व डिस्क बदलणे तीत मोडते. मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने द्रव पुढे ढकलणारा भाग) खोलणे, धातूच्या ब्रेक-नळ्या नव्याने घडवणे आणि चाके जखडू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या आतील दुरुस्ती ही कामे सामान्यतः तिच्या कक्षेबाहेरची मानतात.

इतिहास : ब्रेकची रचना बदलली तसे मालकाच्या वाट्याचे कामही बदलत गेले. ड्रम ब्रेकचे (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) श्रेय बहुधा ल्वी रनो यांच्या १९०२ मधील रचनेला देतात. तथापि विल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ च्या सुमारास डायम्लर कंपनीच्या गाडीत ड्रम वापरला होता. त्यामुळे रनो यांना ड्रमचे आद्य संशोधक म्हणण्यापेक्षा, ड्रमच्या आत पसरणाऱ्या शूंची रचना रूढ करणारे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. डिस्क ब्रेकचे पेटंट बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर (१८६८–१९४६) यांनी १९०२ मध्ये घेतले. त्यात तांब्याचे अस्तर धातूच्या चकतीवर घासत असल्याने कर्णकटू आवाज होई. हर्बर्ट फ्रूड यांच्या ॲस्बेस्टसयुक्त अस्तरामुळे १९०७ च्या सुमारास हा दोष बराच कमी झाला. डिस्क ब्रेकची श्रेष्ठता मात्र सर्वांच्या नजरेत भरली ती १९५३ च्या ल मां शर्यतीत, जॅग्वारच्या विजयामुळे. १९५५ च्या सित्रोएन डीएस या गाडीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते.

घरगुती देखभालीच्या दृष्टीने याहून मोठे वळण द्रवचलित ब्रेकचे होय. तारा व दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकमध्ये चारही चाकांवर सारखा ताण राखणे हे मालकाचे किंवा चालकाचे नित्याचे आणि किचकट काम होते. एका चाकाचा ब्रेक आधी धरला, की गाडी त्या बाजूला ओढली जाई. मॅल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास विकसित केलेली द्रवचलित रचना १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीत चारही चाकांना बसवलेली आढळते. कोंडलेल्या द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या पास्काल यांच्या नियमामुळे ताण जुळवण्याचे काम संपले. त्याच्या जागी एअर काढण्याचे, म्हणजे द्रवात शिरलेली हवा बाहेर काढण्याचे काम आले.

द्रव : ‘ब्रेक ऑइल’ हे नाव रूढ असले, तरी नेहमीच्या गाड्यांतील हा द्रव तेल नसून ग्लायकॉल ईथरवर आधारलेला असतो. हा भेद केवळ नावापुरता नाही. त्याच्या जागी इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल पडल्यास रबरी सील फुगून निकामी होतात आणि बहुधा सगळी यंत्रणा उघडावी लागते. अमेरिकी परिवहन खात्याच्या वर्गवारीनुसार डॉट ३ प्रतीचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २०५° से. आणि सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १४०° से. असावा लागतो. डॉट ४ साठी हे आकडे २३०° व १५५° से. आहेत. डॉट ५.१ ग्लायकॉलवर्गीय आहे, तर डॉट ५ सिलिकोनयुक्त असल्याने इतर प्रतींत मिसळत नाही. नावांतील साम्यामुळे येथे घोटाळा होण्याचा संभव फार.

हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि त्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारे भाग) तापले, की पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. पॅड नवे असूनही असे घडू शकते. म्हणून गाडी किती चालली याचा विचार न करता साधारण दोन वर्षांनी द्रव बदलावा, असे बहुतेक उत्पादक सांगतात. झाकण फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये.

पॅड बदलणे : नव्या पॅडवरील अस्तर साधारण १० ते १२ मिमी. असते. ते ३ मिमी.पर्यंत आले, की पॅड बदलणे इष्ट; ते जोडीनेच, म्हणजे एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत, चाकाचे नट किंचित सैल करावेत, जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे प्राणघातक ठरू शकते. चाक काढून सोडवलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवतात. नंतर जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे सारतात. त्या वेळी वरच्या टाकीतील द्रव चढत असतो. टाकी आधीच काठोकाठ असेल, तर तो उतू जाऊन रंगावर पडतो व रंग उखडतो. अशा ठिकाणी लगेच भरपूर पाणी ओतावे. ज्या मागील कॅलिपरमध्ये हँडब्रेक अंतर्भूत असतो, त्यांचा पिस्टन सरळ न दाबता फिरवत आत न्यावा लागतो. विद्युत हँडब्रेक असल्यास यंत्रणा आधी दुरुस्ती-स्थितीत न्यावी लागते.

डिस्क ‘वाकडी’ होण्याचा वाद : ब्रेक दाबताना पेडल व स्टिअरिंग थरथरले, की डिस्क तापून वाकली असे निदान सर्रास केले जाते. या मताचे समर्थक तीव्र उष्णता आणि चाकाचे नट कमीजास्त आवळले जाणे ही कारणे पुढे करतात. दुसऱ्या मतानुसार डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी असमान होते. बसवतानाच डिस्क ०.०५ ते ०.१ मिमी. डुलत असेल, तर ब्रेक सोडलेला असतानाही तिचा उंच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जातो आणि हजारो किलोमीटरनंतर तेथे ती पातळ होते. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरल्याने अस्तराचा थर एकाच जागी चिकटणे, हे आणखी एक कारण. जाडीतला शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. कारण थरथर अनेकदा डिस्क बदलल्यावर लगेच नव्हे, तर काही महिन्यांनी सुरू होते.

घरी काम करणाऱ्याला यातून उपयोगी पडणारी गोष्ट अशी, की हबवरचा (डिस्क व चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ केल्याशिवाय डिस्क बसवू नये. हबच्या कडेशी ०.०५ मिमी. जाडीची गंजाची खपली अडकली, तर डिस्कच्या बाहेरील कडेशी तिचा परिणाम जवळपास दुप्पट होतो. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून हलके, अंतराअंतराने ब्रेक दाबून थर सारखा बसू द्यावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ती मायक्रोमीटरने मोजावी, कारण कडेला झिजेचा काठ उरत असल्याने मापनाचा साधा (व्हर्निअर) कॅलिपर चुकीचे माप दाखवतो.

एअर काढणे : चाकाजवळच्या ब्लीडर निपलला (हवा व द्रव बाहेर सोडण्याच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील नव्या द्रवात बुडवतात. एक जण पेडल दाबून धरतो. दुसरा निपल पाव फेरा सैल करतो, बुडबुडे निघून जातात, निपल आवळला जातो आणि मगच पाय सोडला जातो. क्रम चुकून पाय आधी सुटला, तर निपलवाटे हवा परत आत ओढली जाते. टाकी मध्येच रिकामी झाल्यास सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने सुरुवात करावी हा जुना नियम सर्व गाड्यांना लागू नाही. कर्णरेषेत विभागलेल्या (पुढचे एक व तिरप्या बाजूचे मागचे एक चाक एकत्र जोडलेल्या) यंत्रणांचा क्रम वेगळा असू शकतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण एरवी न वापरल्या जाणाऱ्या खडबडीत भागावरून सील सरकून फाटतो.

ड्रम ब्रेक : शू, स्प्रिंगा व समायोजक (शू व ड्रममधील अंतर जुळवणारा भाग) यांची मांडणी गाडीगणिक वेगळी असते. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यादाखल शाबूत राहते. धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओली करून पुसावी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असू शकते.

चाचणी : पिस्टन मागे सारलेले असल्याने काम संपल्यावरचे पहिले काही दाब पोकळ जातात. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलेच पाहिजे. इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेलेले आहे. तसेच दाबून धरून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जाते. तो दोष नसून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करत असल्याची खूण होय.