बुरशीरोधक प्रतिजैविकांचा शोध (मृदाजीवाणूंपासून)

मातीतले काही जीवाणू, विशेषतः तंतुमय स्ट्रेप्टोमायसिस, शेजारच्या बुरशीला रोखणारी रसायने स्रवतात. ती हुडकून वेगळी करण्याची ही पद्धत. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातले जिओस्मिन हे वासाचे रसायनही याच जीवाणूंचे.

मुळांजवळची मूठभर माती आधी सावलीत सुकवतात. त्यात नाजूक जीवाणू मरतात, बीजाणू धरणारे स्ट्रेप्टोमायसिस तगतात. मग ती निर्जंतुक पाण्यात दहादहा पटींनी विरळ करून काचेच्या बशीतल्या स्टार्च-केसीन आगरवर (जीवाणू वाढवायचे जेलीसारखे खाद्य) पसरतात. इतर जीवाणू दोन दिवसांत दिसतात. स्ट्रेप्टोमायसिसच्या खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या वसाहतींना आठवडा लागतो, म्हणून घाईने बशी फेकणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. वसाहतीची रेघ ओढून, ती वाढली की समोर बुरशी लावतात. मधला मोकळा पट्टा ही पहिली खूण.

खरी डोकेदुखी पुढे असते, कारण जुनेच रेणू पुन्हा पुन्हा सापडतात. पॉलीन गट (एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असलेले रेणू) मात्र अतिनील प्रकाश शोषणाच्या आलेखातल्या तीन शिखरांवरून चटकन ओळखू येतो. हा गट बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या मेदासारख्या घटकाला चिकटून पटल गळके करतो. अमेरिकन शास्त्रज्ञ एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी 1950 मध्ये जाहीर केलेले नायस्टॅटिन याच गटातले. व्हर्जिनियातल्या एका शेतातील मातीतून ते आले. व्हेनेझुएलातील मातीतून मिळालेले अँफोटेरिसिन-बी हे नाव 2021 च्या काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हमायसिन आणि शेतीसाठीचे ऑरिओफंगिन निघाले.

नाशिकच्या द्राक्षबागांत मात्र बशीची ही चाचणी अडते. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर धास्ती असते ती डाऊनीची (केवडा) आणि भुरीची, आणि या दोन्ही जिवंत पानाशिवाय वाढत नाहीत. आगरवर त्यांना आणताच येत नाही. त्यातही डाऊनीचा कारक खरी बुरशी नव्हे. त्याच्या पटलात अर्गोस्टेरॉल जवळपास नसल्याने पॉलीनचा त्यावर फारसा जोर चालत नाही. करपा किंवा सटाणा-मालेगाव भागातल्या डाळिंबाच्या मर रोगाची बुरशी बशीत सुखाने वाढते, त्यामुळे तिथे रेघेची चाचणी पुरते. डाऊनी-भुरीसाठी द्राक्षाच्या कोवळ्या पानाच्या गोल चकत्या कापून ओलसर बशीत ठेवतात, जीवाणूचा अर्क लावून वर रोगाचे बीजाणू सोडतात आणि पांढरी लव येते का, हे रोज पाहतात.