पीटर वोल्कोस

पीटर वोल्कोस (२९ जानेवारी १९२४ – १६ फेब्रुवारी २००२) : अमेरिकन मृत्तिकाशिल्पी व ब्राँझ शिल्पकार. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मातीचे भांडे शिल्प म्हणून पाहिले जाऊ लागले, त्यात सर्वांत मोठा वाटा त्यांचा. भांडे कापणारा, भोसकणारा, मोडणारा कुंभार अशी त्यांची ओळख करून देणे सोपे आहे, पण ती ओळख अपुरी पडते. मोडायला घेतलेले भांडे आधी चाकावर निर्दोष उभे करता येईल असा हात त्यांना होता, आणि ते चाक त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

माँटाना राज्यातील बोझमन या गावी एका ग्रीक स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव पनायोटिस. शालेय शिक्षण संपल्यावर १९४२ मध्ये ते ऑरेगनमधील पोर्टलंडला ओतशाळेत कामाला लागले. युद्धकाळातील मालवाहू जहाजांच्या इंजिनांचे भाग ओतण्यासाठी लागणारे साचे तेथे ते बनवत. वीस वर्षांनी ब्राँझकडे वळताना ही उमेदवारी कामी आली. १९४३ मध्ये सैन्यात भरती होऊन पॅसिफिक आघाडीवर विमानातील तोफची म्हणून त्यांनी काम केले. परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर ते माँटाना स्टेट कॉलेजात चित्रकला शिकू लागले.

मातीकाम हा त्यांच्या अभ्यासक्रमात उशिरा आलेला विषय. फ्रान्सिस सेन्स्का या शिक्षिकेच्या वर्गात त्यांनी माती हातात घेतली आणि चित्रकला मागे पडली. कॉलेजकडून मिळणारी माती त्यांना पुरत नसे. ते अर्धवेळ काम करत त्या खाणावळीसमोर थांबणाऱ्या ट्रकांच्या चाकांना चांगली चिकणमाती चिकटलेली असे, ती खरवडून ते नेत, असे सांगतात. १९५२ मध्ये ओकलंडच्या कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समधून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली.

दरम्यान माँटानातीलच हेलेना येथील वीटभट्टीचे मालक आर्ची ब्रे यांनी कारखान्याच्याच आवारात मातीकाम करणाऱ्यांसाठी एक संस्था उभारली होती. वोल्कोस आणि त्यांचे मित्र रुडी ऑटिओ हे तिचे पहिले निवासी कलाकार. या काळातील वोल्कोस यांची भांडी पाहिली, तर पुढच्या बंडाचा मागमूसही सापडत नाही. रुंद खांद्यांच्या, चिंचोळ्या गळ्याच्या बाटल्या, झाकणाच्या बरण्या, वर मेण लावून उमटवलेली नक्षी, सगळे कसे नेटके आणि घोटीव. १९५५ मध्ये फ्रान्समधील कान येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदकही मिळाले. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जपानचे शोजी हामादा आणि लोककलेचे भाष्यकार सोएत्सु यानागी या तिघांनी १९५२ च्या अखेरीस हेलेनाला भेट दिली. हामादा भांडे घडवताना ज्या सहजतेने, फार न पुसता-न घासता थांबत, ते वोल्कोस यांनी जवळून पाहिले.

हामादांच्या भेटीनंतर दुसरा धक्का पुढच्याच वर्षी बसला. १९५३ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेले असता त्यांची संगीतकार जॉन केज, नर्तक मर्स कनिंगहॅम, चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्याशी गाठ पडली. तेथून न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फ्रांझ क्लाइन, विलेम द कूनिंग यांच्या पिढीची अमूर्त चित्रे पाहिली. रंगाचा ओघळ आणि कुंचल्याचा फटकारा लपवायचा नसतो, तेच चित्र असते, हा त्या चित्रकारांचा बाणा. ओली माती तर बोटाचा प्रत्येक ठसा आपणहून जपते. मग तो घोटून पुसायचा कशासाठी?

या प्रश्नाला लॉस एंजेलिसमध्ये उत्तर मिळाले. १९५४ मध्ये तेथील काउंटी आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये (पुढे ओटिस नावाने प्रसिद्ध) नवा मातीकाम विभाग सुरू करण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. सुरुवातीला विद्यार्थी एकच होता, पॉल सोल्डनर. पाठोपाठ जॉन मेसन, केन प्राइस, बिली अल बेंगस्टन, हेन्री ताकेमोतो अशी मंडळी जमली. रूढ अर्थाने वर्ग भरतच नसे. वोल्कोस स्वतःचे काम करत, इतर त्यांच्या शेजारी आपापले काम करत, आणि हे रात्री उशिरापर्यंत चाले. गुरूच्या कामाची नक्कल करणारा एकही शिष्य या जथ्यातून निघाला नाही. शिक्षक म्हणून ही त्यांची मोठीच कमाई मानावी लागेल.

‘रॉकिंग पॉट’ (१९५६) ही या वळणावरची कृती. चाकावर घडवलेले भांडे येथे पालथे आहे. अंगाला भोके आहेत, त्या भोकांतून मातीचे तुकडे आत-बाहेर गेले आहेत, आणि खाली पाळण्यासारख्या वक्र पट्ट्या. चांगले भांडे डगमगत नाही, हा कुंभाराचा पहिला धडा इथे चेष्टेवारी नेला आहे. पण नीट पाहिले तर मूळ भांड्याची भिंत सर्वत्र सारख्या जाडीची, सफाईने ओढलेली आहे.

त्यानंतर कामांचा आकार वाढत गेला. १९५७ मध्ये मेसन यांच्याबरोबर घेतलेल्या कार्यशाळेत मोठी भट्टी बांधल्यावर तर तो माणसाच्या उंचीकडे झेपावला. मातीत इतके मोठे काम करण्यातली अडचण समजून घेतल्याशिवाय या शिल्पांचे मोल कळत नाही. ओली भिंत स्वतःच्याच वजनाने बसते. सुकताना माती आकसते, आणि जाड-पातळ भाग सारखे आकसले नाहीत की तडा जातो. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन तुकडे उडतात. दगडाच्या शिल्पकाराला यातले काहीच भेडसावत नाही. वोल्कोस यांनी तोड काढली ती चाकाच्याच आधारे. चाकावर घडवलेली नळकांडी एकावर एक रचून ते आत जणू खांब उभा करत, बाहेरून मातीच्या लाद्या आणि आणखी भांडी चिकटवत, लाकडी फळीने ठोकून सांधे पक्के करत. भरीव वाटणारा खडकासारखा आकार आतून पोकळच असे. ऑस्ट्रियन शिल्पकार फ्रिट्झ वोत्रुबा यांच्या ठोकळ्यांच्या रचनांचा प्रभाव या काळात दिसतो. भाजलेले तुकडे इपॉक्सीने (कृत्रिम राळेच्या डिंकाने) जोडणे, त्यावर झिलईऐवजी सरळ इपॉक्सी रंग लावणे, हेही त्यांनी केले. अस्सल कुंभारकामाच्या अभिमान्यांना ते खपणारे नव्हते. ‘५००० फीट’ (१९५८), ‘सिटिंग बुल’ आणि ‘लिटल बिग हॉर्न’ (दोन्ही १९५९), ‘गॅलस रॉक’ (१९६०-६१) ही या टप्प्यातील शिल्पे. ‘रोंदेन्या’, ‘ब्लॅक बुलेरियास’ ही नावे फ्लामेंको या स्पॅनिश संगीतातून आली आहेत, कारण वोल्कोस स्वतः फ्लामेंको गिटार वाजवत.

१९५९ च्या पहिल्या पॅरिस द्वैवार्षिकीत त्यांना रोदँ संग्रहालयाचे पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांची शिल्पे व चित्रे मांडली. मात्र घरच्या आघाडीवर लॉस एंजेलिसच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे संचालक मिलर्ड शीट्स यांच्याशी मतभेद विकोपाला गेले होते. १९५९ मध्येच ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत गेले आणि १९८५ पर्यंत तेथे शिकवत राहिले. जिम मेल्चर्ट, स्टीव्हन द स्टेब्लर, रॉन नेगल हे त्यांच्या बर्कलीच्या काळातील सहवासातून पुढे आलेले कलाकार. १९६१ मध्ये ‘क्राफ्ट होरायझन्स’ या हस्तकलेच्या नियतकालिकात रोझ स्लिव्का यांनी या नव्या मातीकामाची बाजू मांडणारा लेख लिहिला, तेव्हा वाचकांकडून संतप्त पत्रे आली. ज्यात पाणी राहत नाही ते भांडे कसले, हा त्या रागाचा गाभा.

साठच्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर ब्राँझकडे वळले आणि बर्कलीत सहकाऱ्यांसह त्यांनी ओतशाळा चालवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालय-पोलीस संकुलासमोरील ‘हॉल ऑफ जस्टिस’ (१९७१) हे सुमारे तीस फूट उंचीचे शिल्प त्यातले सर्वांत परिचित. नळ्या, कोपरे आणि घुमट जोडून बनलेली ही ब्राँझ शिल्पे भव्य आहेत, पण मातीतल्या कामाची धग त्यांत नाही.

ती धग पुन्हा दिसते ती तीन प्रकारांत : ताटे, उतरंडीसारखे रचलेले तीन-चार फुटी ‘स्टॅक’ आणि ‘आइस बकेट’ नावाची बसकी भांडी. जाडजूड ताटे ते चाकावर घडवत आणि ओली असतानाच बोटांनी फाडत, भोसकत, पोर्सेलीनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) छोट्या गोळ्या त्यांत खुपसत. राखाडी-तपकिरी अंगावर पांढऱ्या गोळ्या उठून दिसत. ‘स्टॅक’मध्ये चाकावरचे निरनिराळे भाग कापून एकमेकांवर बसवलेले असतात. तरीही बुडखा, पोट, खांदा, गळा हा बाटलीचा क्रम मोडत नाही.

१९७९ पासून त्यांची बरीच कामे पीटर कॅलस यांच्या लाकडाच्या भट्टीत, आधी न्यूयॉर्क राज्यात आणि पुढे न्यू जर्सीत, भाजली जाऊ लागली. जपानी ‘अनागामा’ पद्धतीच्या या भट्टीत जाळ कित्येक दिवस चालतो. लाकडाची राख उडून भांड्यांवर बसते आणि वितळून तिचीच झिलई होते. ज्वाळेच्या बाजूला एक रंग, आडोशाला दुसरा. वोल्कोस यांना हवे तेच होते : शेवटचा हात भट्टीने फिरवावा. आपल्याकडे तडकलेले मडके आव्यातून निघताच बाजूला टाकतात, वोल्कोस यांच्या कामात मात्र तो तडा मिरवला जातो.

प्रेक्षकांसमोर काम करणे त्यांना आवडे, आणि देशभरातील त्यांच्या जाहीर प्रात्यक्षिकांना गर्दी होई. फेब्रुवारी २००२ मध्ये ओहायोतील बोलिंग ग्रीन येथील विद्यापीठात असेच प्रात्यक्षिक दिल्यानंतर त्याच गावी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. ‘रॉकिंग पॉट’ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात, ‘लिटल बिग हॉर्न’ ओकलंडच्या संग्रहालयात आणि ‘गॅलस रॉक’ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेच्या शिल्पोद्यानात आहे.