केसगळतीवरील औषधोपचार

केसगळती हा एकच विकार नसल्यामुळे तिच्यावर एकच असे औषधही नाही. अनुवंशिक टक्कल, चाई, आजारपणानंतर किंवा बाळंतपणानंतरची गळती, टाळूवरचा नायटा आणि केशमुळांच्या जागी व्रण उरवणारे विकार यांची कारणे निरनिराळी आहेत. त्यामुळे आधी निदान आणि मग औषध, हा क्रम उलटला तर पैसा जातोच, पण त्याहून मोलाचे महिने जातात.

टाळूवरचा केस साधारण २ ते ६ वर्षे वाढतो, पुढे सुमारे ३ महिने विसावतो आणि गळतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक आहे. कंगव्यात आलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. ती पाहून मूळच उपटले गेले, असे वाटून अनेकजण धास्तावतात. प्रत्यक्षात तो विसावलेल्या केसाचा बुंधा असतो. केस जिथून उगवतो ते केशपुटक टाळूतच शाबूत राहते, आणि औषधांची सारी मदार त्याच्यावर असते.

अनुवंशिक टकलात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे केशपुटक दर चक्रात आक्रसत जाते आणि केसाच्या जागी लव उरते. पुरुषांचे कपाळ मागे सरकते, टाळूचा माथा उघडा पडतो. स्त्रियांचा भांग रुंदावतो. यावरचे सर्वांत परिचित औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ही उच्च रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने तिचे टाळूला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते २ व ५ टक्के तीव्रतेत मिळते. द्रावण लावताना भांग पाडून थेंब कातडीवर सोडावे लागतात. केसांनाच चोपडले तर उपयोग नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, कारण विसावलेले जुने केस नव्यांना वाट करून देतात. नेमक्या याच टप्प्यावर घाबरून कितीतरी जण औषध सोडतात, याची खंत वाटते. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात. मिनॉक्सिडिलला सक्रिय करणारे विकर (एन्झाइम) प्रत्येकाच्या केशपुटकांत सारखे नसते, त्यामुळे काहींना ते लागूच पडत नाही. अल्प मात्रेतील गोळ्याही हल्ली दिल्या जातात. त्यांनी पायांवर सूज येणे, छातीत धडधडणे, चेहऱ्यावर लव वाढणे असे त्रास होऊ शकतात. घरात मांजर असेल तर बाटली आणि औषध लावलेली उशी तिच्यापासून दूर ठेवावी, कारण मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे.

फिनास्टेराइड मात्र मूळ कारणावर काम करते. ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या विकराला रोखते. पुरुषांसाठी रोज १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. कामेच्छा कमी होणे, लिंगताठरतेच्या अडचणी आणि नैराश्य हे तिचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये निश्चित केले. म्हणून मनःस्थितीत बदल जाणवताच गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे, त्यात संकोच नको. प्रोस्टेटच्या विकारांसाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडाही या गोळीने जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे चाचणीपूर्वी ती घेत असल्याचे सांगणे आवश्यक आहे. गर्भवतींनी फुटलेल्या गोळीला हातही लावू नये; पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. ड्युटास्टेराइड हे याच जातीचे अधिक प्रभावी औषध असून दक्षिण कोरिया व जपानमध्ये टकलासाठी मान्य आहे. स्त्रियांना काही वेळा पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन देतात, पण गर्भधारणा टाळूनच. ही सर्व औषधे चालू असेपर्यंतच साथ देतात. बंद केल्यावर काही महिन्यांत केस पूर्वीच्या वाटेने जातात.

चाईमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच केशपुटकांवर हल्ला करते आणि नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. लहान चट्ट्यांत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने देतात. तीव्र चाईसाठी २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला आणि २०२३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला मान्यता मिळाली. प्रतिकारशक्ती दबत असल्याने ही औषधे घेताना रक्ततपासण्या व संसर्गावर लक्ष ठेवावे लागते. नायट्यावर पोटातून बुरशीनाशक घ्यावे लागते, वरून लावलेले मलम पुरत नाही. व्रण उरवणाऱ्या विकारांत गेलेले केस परत येत नाहीत. औषध फक्त उरलेले वाचवते.

मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात. ही गळती बहुधा आपोआप थांबते. लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार आढळला तर उपचार त्यावर करायचा. याच काळात अनेकजण स्वतःहून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करतात. शरीरात त्याची उणीव असेल तरच त्यांचा उपयोग होतो, आणि ती उणीव विरळा असते. शिवाय जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकीचे येतात, म्हणजे गळतीचे कारण शोधण्यासाठी केलेली तपासणीच फसते. त्यामुळे रक्त देण्याआधी काही दिवस या गोळ्या बंद ठेवायला सांगतात.