डब्ल्यूसीएचचा जीसीसी आणि मूळ जीसीसी: नावं सारखी, इंटरप्ट वेगळे

सीएच३२व्ही००३ ही डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीची, रिस्कव्ही या खुल्या प्रोसेसर मानकावरची चिप: ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. तिच्यासाठी कोड बांधायला दोन कंपायलर (लिहिलेल्या कोडच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना करणारे प्रोग्राम) मिळतात. एक कंपनीच्या माउनरिव्हर स्टुडिओ या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा, तिने बदललेला जीसीसी, दुसरा ग्नू प्रकल्पाचा मूळ जीसीसी. गोंधळ नावातच आहे. माउनरिव्हरमधली जुनी कमांड आणि एक्सपॅक प्रकल्पाने तयार करून दिलेल्या मूळ जीसीसीची जुनी कमांड, दोन्हींचं नाव 'रिस्कव्ही-नन-एम्बेड-जीसीसी'. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी जो असेल तो चालतो, आणि एलईडी ब्लिंक करण्यापुरतं दोन्हींनी भागतं.

खरा फरक इंटरप्टला, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसर तातडीचं फंक्शन चालवतो तेव्हा, दिसतो. या चिपमध्ये इंटरप्ट आला की हार्डवेअर स्वतःच ठरावीक रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा) मेमरीतल्या स्टॅकवर ठेवतं. त्यामुळे कंपनीने आपल्या जीसीसीत 'डब्ल्यूसीएच-इंटरप्ट-फास्ट' असं अ‍ॅट्रिब्यूट (फंक्शनला लावायची खूण) घातलं: हेच काम कंपायलरने पुन्हा करू नये, पण फंक्शन 'एमरेट' या इंटरप्टमधून परतायच्या सूचनेनेच संपवावं. मूळ जीसीसीला हे अ‍ॅट्रिब्यूट ठाऊक नाही. तो फक्त वॉर्निंग देतो, अ‍ॅट्रिब्यूट टाकून देतो आणि फंक्शन 'रेट' या साध्या परतायच्या सूचनेने संपवतो. बिल्ड पास होतो! पहिला इंटरप्ट येताच कोड भलतीकडे उडी मारतो आणि प्रोसेसर मात्र आपण अजून इंटरप्टमध्येच आहोत असं समजत राहतो. टायमर एकदाच चालून थांबला, तर आधी इथे बघा.

उपाय सोपा आहे. साधं 'इंटरप्ट' अ‍ॅट्रिब्यूट वापरा आणि चिप सुरू होताच चालणाऱ्या स्टार्टअप कोडमध्ये हार्डवेअर स्टॅकिंग बंद करा. चालू राहिलं तर रजिस्टर दोनदा साठवले जातात.

दुसरा फरक 'एक्सडब्ल्यू' या कंपनीच्या जादा सूचनासंचाचा. बाइट आणि हाफवर्ड (दोन बाइट) वाचण्या-लिहिण्यासाठी कंपनीने १६ बिटी सूचना घातल्या, आणि त्यांपैकी काहींसाठी वापरले ते कोड रिस्कव्ही मानकाने डबल प्रिसिजन फ्लोटसाठी (दशांश आकडेमोडीसाठी) राखलेले. चिपमध्ये फ्लोटच नाही, म्हणून ते खपून जातं. मानकात नंतर याच गरजेसाठी झेडसीबी हा सूचनासंच आला, पण त्याचे कोड वेगळे. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पाला 'एक्सडब्ल्यूसीएचसी' या नावाने हा संच आता कळतो.

माझं मत: नवा प्रकल्प मूळ जीसीसीवरच उभा करा. कंपनीची तयार बायनरी लायब्ररी 'एक्सडब्ल्यू' धरून बांधलेली असेल, तरच तिचा कंपायलर घ्या. आणि कोणताही घेतलात तरी डिसअसेंब्ली (तयार कोडमधल्या सूचनांची यादी) उघडून इंटरप्ट फंक्शनच्या शेवटी 'एमरेट' आहे का, एवढं पाहून घ्या.