पार्श्वभूमी : इंकस्केप, गिंप आणि आयकॉन फॉन्टचे बदललेले कोड

अक्षरांच्या जागी चित्रं बसवण्याची युक्ती जुनी आहे. १९७८चा झाफ डिंगबॅट्स असो की १९९०चा विंगडिंग्ज, काम तेच. विंगडिंग्जमध्ये इंग्रजी ‘जे’ दाबला की हसरा चेहरा उमटे, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला ईमेलच्या शेवटी नुसताच ‘जे’ दिसे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांवर डीटीपी केलेल्यांना हे नवं नाही.

२०१२ मध्ये बूटस्ट्रॅप या वेबपानांच्या तयार साच्यांच्या संचासाठी आलेल्या फॉन्ट ऑसम या आयकॉन फॉन्टनं चित्रं इंग्रजी अक्षरांवरून उचलून युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात ठेवली. ई००० ते एफ८एफएफ अशा ६,४०० जागा, कुठे काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. फॉन्ट वेबसाठी होता, पण परवाना मोकळा, म्हणून लोकांनी तो संगणकावरही टाकला. इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट टूल घेऊन कंट्रोल-यू, एफ००५, एंटर केलं की भरीव तारा. पुढे ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षराचा आकार केला की त्याचे नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, हवे तसे ओढता येतात. गिंप या फोटो-चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिनक्सवर त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-यू.

खरी अडचण झाली ती फॉन्ट ऑसमच्या डिसेंबर २०१७च्या पाचव्या आवृत्तीत, कोड बदलल्यामुळे. तोवर सगळं एकाच फाइलीत होतं: भरीव तारा एफ००५, पोकळ तारा एफ००६. लोकवर्गणीतून १० लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी करून आलेल्या या आवृत्तीत फुकट आणि ‘प्रो’ असे दोन संच झाले, आणि फुकटच्या संचाचे सॉलिड, रेग्युलर, ब्रँड्स असे तीन तुकडे. पोकळ ताऱ्याचा स्वतंत्र कोड गेला. तोही आता एफ००५च, फक्त रेग्युलरमधला. फॉन्टच्या शिस्तीत हे बसतं, कारण ठळक आणि साध्या अक्षराचा कोड एकच असतो. वेबवाल्यांसाठी जुनी नावं चालवून घेणारी सोयही दिली गेली. चित्रं करणाऱ्यांचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही. त्यांच्या एसव्हीजी, म्हणजे रेषाचित्रांच्या, फाइलींत फॉन्टचं जुनं नाव. नवा फॉन्ट ‘फॉन्ट ऑसम ५ फ्री’. हातानं नाव बदललं तरी एफ००६च्या जागी रिकामा चौकोन. २०२२च्या सहाव्या आवृत्तीत जुन्या कोडांसाठी वेगळी फाइल द्यावी लागली, यातच काय ते आलं.

गूगलच्या २०१४च्या मटेरियल आयकॉन्सनी हा प्रश्न निराळ्या वाटेनं सोडवला. तिथे इंग्रजीत ‘होम’ टाइप केलं की घर उमटतं. आपली जोडाक्षरं ज्या ओपनटाइप तंत्रानं जुळतात, तेच इथे. फॉन्ट नसला तर निदान शब्द तरी वाचता येतो.

वेब पुढे सुट्या एसव्हीजींकडे वळलं. त्या इंकस्केपमध्ये थेट उघडतात, तरी घाईच्या कामाला फॉन्टच बरा. डेबियन या मोठ्या लिनक्स वितरणानं तर फॉन्ट ऑसमची पाचवी आवृत्ती घेऊन पुन्हा चौथीच दिली. त्या पॅकेजच्या क्रमांकात ‘५.०.१०’पुढे चक्क ‘रिअली ४.७.०’, म्हणजे ‘खरं तर ४.७.०’, असं लिहिलेलं आहे.