कोयना चौथा टप्पा: पेल्टन सोडून फ्रान्सिस का?

पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे आठही संच पेल्टन टर्बाइनचे, म्हणजे चाकावरच्या वाट्यांवर (बकेट) पाण्याची धार मारून फिरणारे आहेत. त्यातला पहिला 1962 मध्ये सुरू झाला. हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, पाचशे मीटरच्या आसपास असल्यामुळे तेव्हा दुसरा विचार कुणी केला नसावा. तेच पाणी कोळकेवाडी धरणातून तिसऱ्या टप्प्यात जातं. तिथे हेड बरंच कमी, म्हणून फ्रान्सिस, म्हणजे पाण्यात पूर्ण बुडून दाबावर फिरणारं टर्बाइन. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम.

वाद चौथ्या टप्प्याचा. 1999-2000 मध्ये 250 मेगावॅटचे चार संच बसले. हेड जवळपास पोफळीइतकंच, टर्बाइन मात्र फ्रान्सिस. पेल्टनचा रनर (फिरणारं चाक) हवेत फिरतो, त्यामुळे तो अवजलाच्या, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या पाण्याच्या, पातळीच्या वर उचलून ठेवावा लागतो आणि त्याच्याखालचं हेड वाया जातं. फ्रान्सिस तेही वापरतो, शिवाय पूर्ण भाराजवळ त्याची कार्यक्षमता थोडी सरस. कोयनेत या 'थोडी'ला मोल आहे. 1976 च्या कृष्णा पाणीतंटा निवाड्याने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसीवर (अब्ज घनफूट) बांधून टाकलं. पाणी वाढणार नसेल, तर आहे त्यातूनच जास्त युनिट काढायला हवेत.

पेल्टनवाल्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. भार उतरला की धार सोडणारी नोझल एकेक बंद करत पेल्टन कार्यक्षमता टिकवतो आणि झिजलेली बकेट वेल्डिंग करून पुन्हा घडवता येते. फ्रान्सिस कमी भारावर चालवला की ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालच्या निकास नळीत) भोवरा धरतो आणि संच थरथरू लागतो. संच बंद असला तरी गाईड व्हेनच्या (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या) बारीक फटींतून एवढ्या दाबाचं पाणी झिरपतं आणि तीच धार पोलाद खाते. हा टप्पा तर ऐन मागणीच्या तासांसाठी, म्हणजे सतत चालू-बंद. निर्णय चुकला असं मला वाटत नाही; देखभालीचा बोजा मात्र तेव्हाच्या चर्चेत फारच हलका मांडला गेला.

गाळाच्या बाबतीत नशीब चांगलं. सतलजवरच्या नाथपा झाकरीतही 250 मेगावॅटचेच फ्रान्सिस संच आहेत, पण तिथे क्वार्ट्झच्या कणांनी रनर इतके झिजतात की त्यांना टंगस्टन कार्बाइडचा लेप द्यावा लागला. कोयनेत बहुतेक गाळ शिवसागरातच, म्हणजे धरणाच्या जलाशयातच बसतो.

2012 च्या दुसऱ्या लेक टॅपिंगनंतर (भरलेल्या जलाशयाला तळाकडून भोक पाडून पाणी बोगद्यात घेणं) जलाशय आणखी खाली गेला तरी चौथा टप्पा चालवता येतो. हेडमधला तो फरक या टर्बाइनला फारसा जाचत नाही. जाच आहे तो दुपारी सौरवीज भरपूर आणि संध्याकाळी एकदम मागणी, या नव्या वेळापत्रकाचा: बंद संच झटपट भारावर आणायचा, तोही रोज.